आपले मेंबर: गैरहजर

तू गेलीस त्या दिवशी दुपारी मुंबईच्या कौन्सिलात बांधाच्या ठरावावर मतं पडली आणि आपल्या जिल्ह्याचे मेंबर तिथे नव्हते. ते तुझ्या उशाशी बसले होते. येणारे-जाणारे मला समजावतात, भाऊ वेळेवर पोचला, भेट झाली, भाग्याची गेली. मी मान हलवतो. तू हलवली नसतीस. हे मला ठाऊक आहे, आणि तुझ्या दादांनाही आहे. म्हणूनच आम्ही दोघं एकमेकांसमोर बसलो की फार बोलत नाही.

घरात आता एवढी शांतता आहे की मी शाळेतून येऊन उगाच भांडी हलवतो. तुझ्याशी जे काही बोलायचं ते बोलण्याला आता कागदच उरला आहे, म्हणून लिहितो.

तुला इंग्रजी दादांनीच शिकवलं. अलिबागच्या घरी ते स्वतः वकिलीचा अभ्यास करत आणि तू पाटावर बसून त्यांच्या जुन्या पुस्तकांतले शब्द लावत असायचीस. लग्न होऊन या खाडीकाठच्या गावात आलीस तेव्हा तुझ्या पेटीत दोन इंग्रजी पुस्तकं होती, आणि मास्तराच्या बायकोला नवऱ्यापेक्षा चांगलं इंग्रजी येतं ही बातमी आठवड्याच्या आत गावभर झाली. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी वर्गात मुलांना सांगायचो.

पुढे दादा निवडून आले आणि कौन्सिलात गेले. केवढा आनंद झाला होता तुला! आपल्या गावच्या एका खोताचा मुलगा, अलिबागचा नावाजलेला वकील, आता मुंबईत लाटसाहेबांच्या माणसांसमोर बोलणार. कौन्सिलच्या कामकाजाचे छापील अहवाल त्यांना मिळत, स्वतःचे वाचून झाले की तेच तुला धाडत. पुडक्यावर त्यांच्या हातचा पत्ता असायचा. त्यात मोठ्या कौतुकाने, आपण जिथे बोललो त्या पानाचा कोपरा दुमडलेला. तू तेवढं पान वाचून ठेवून दिलं असतंस तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तू पहिल्या पानापासून वाचलंस.

एके दिवशी स्वयंपाकघरातून हाक मारलीस. "अहो, हे बघा. इथे नावं दिलीत."

ठरावावर मतं कशी पडतात हे मला तू शिकवलंस. बहुतेक वेळा सगळे एकदम ओरडतात, हो म्हणणारे हो, नाही म्हणणारे नाही. अध्यक्ष ऐकून निकाल सांगतो आणि कोण काय म्हणालं त्याची कुठेच नोंद राहत नाही. पण एखादा मेंबर उठून मतं नावानिशी मोजा म्हणाला, की प्रत्येकाला हो किंवा नाही यांपैकी एका बाजूला जावं लागतं, आणि मग ती नावं छापून येतात. तुझं बोट त्या नावांवरून खाली सरकत होतं. दादांचं नाव सापडल्यावर तू लहान मुलीसारखी हसलीस.

त्याच आठवड्यात म्हणालीस, "हे गावाला कळायला हवं."

धक्क्याजवळच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा होता. होडीच्या वेळा आणि मेलेल्यांचे तेरावे, एवढंच त्यावर लिहिलं जायचं. त्याचा एक कोपरा तू मागून घेतलास. पहिले काही महिने मी लिहायचो, तू घरून कागदावर मजकूर द्यायचीस. मग एकदा मी एक ओळ स्वतःच्या पदरची घातली, 'आपल्या मेंबरांनी मोठ्या धडाडीने प्रश्न विचारला' अशी. दुसऱ्या दिवशी पदर खोचून तू स्वतः धक्क्यावर गेलीस, भर सकाळी, कोळणी टोपल्या उतरवत होत्या तेव्हा, आणि 'मोठ्या धडाडीने' एवढं पुसून आलीस. त्यानंतर खडू माझ्या हाती परत दिला नाहीस. लोकांनी तोंडं वाकडी केली. मास्तरीण चव्हाट्यावर उभी राहते म्हणाले. तू म्हणालीस, "उभी राहिल्याशिवाय वर हात पोचत नाही, त्याला मी काय करू?"

दादांना आधी मौज वाटायची. दिवाळीत आले की ओवाळून झाल्यावर तू विचारायला लागायचीस. अमक्या दिवशी नव्हतास, का? तमक्या ठरावावर बोललास एक आणि मत दिलंस दुसरंच, का? ते मला म्हणायचे, "मास्तर, जिला स्वतःला मत नाही ती माझी मतं मोजते, बघा!" तू लाडू पुढे करून म्हणायचीस, "मला नाही म्हणूनच. मला असतं तर एकदा टाकून मोकळी झाले असते." हसता हसता त्यांना घाम फुटायचा. आपल्या घरातली ती सगळ्यांत चांगली वर्षं होती. आपल्याला मूल झालं नाही, आणि त्याचं दुःख तू कधी बोलून दाखवलं नाहीस. पण त्या वर्षांत मला घर रिकामं वाटलं नाही.

मग समुद्राचा बांध फुटला.

तू हिराबरोबर गेली होतीस बघायला. हिरा आपल्याकडे भात कांडायला यायची, तिची शेती बांधाच्या अगदी कडेला. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली आणि खारं पाणी पिकात शिरलं. हिरा गुडघाभर पाण्यात उभी होती. "बघा मास्तरीनबाय," म्हणाली, "दर्या शेतान आला. आता दोन-तीन पावसाळं ह्यान गवत पन न्हाय येनार." बांध बांधून घ्यायचा तो खोताने. वर्षानुवर्षं खोतांनी वसूल घेतला आणि बांधावर मातीची पाटी टाकली नाही. त्या खोतांतले एक तुझे वडील होते, आणि त्यांच्यामागे दादा.

दादा आले, बांधावर उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं आहे. हिराला म्हणाले, "मी बघतो. कौन्सिलात हा प्रश्न येणार आहे." हिराने त्यांच्या पाया पडायला वाकून खारं पाणीच डोक्याला लावलं.

प्रश्न आला. दुसऱ्या कुणी मेंबराने ठराव आणला की जो वसूल घेतो त्याने मुदतीत बांध नीट करावा, नाहीतर सरकारने ताब्यात घेऊन खोताकडून खर्च काढावा. पुडकं नेहमीसारखं आलं. या वेळी कुठलाही कोपरा दुमडलेला नव्हता. तू नावांच्या पानावर आलीस. 'हो' खालची नावं संपली. 'नाही' खालची सुरू झाली. तुझं बोट थांबलं, आणि मला तू हाक मारली नाहीस. मीच उठून आलो.

मी म्हणालो, "हे नको लिहूस फळ्यावर."

"का?"

"भाऊ आहे तुझा."

"म्हणून तर आजवरचं सगळं लिहिलं."

त्या दिवशी जो वाद सुरू झाला तो आपण कधी संपवला नाही. मी म्हणत होतो की एका मतावरून माणूस मोजू नये. त्यांच्यावर वडिलांचा दाब असेल, जातीतल्यांचा असेल, आत काय चाललं ते आपल्याला काय माहीत. तू म्हणालीस, "आत काय चाललं ते मला माहीत आहे. तो चांगला आहे. पण हिराच्या शेतात त्याचं मन नाही जाणार, मतच जाणार." मी म्हणालो, त्यांचं एक मत इकडचं तिकडे झालं असतं तरी ठराव पडलाच असता. तू खडू घेतलास आणि गेलीस. 'बांधाचा ठराव. आपले मेंबर: विरुद्ध.' त्याखाली दोन ओळींची जागा मोकळी सोडलीस.

दादा आठ दिवसांत आले. इतके संतापलेले मी त्यांना कोर्टातही पाहिलं नव्हतं. "सख्ख्या बहिणीने माझी अब्रू वेशीवर टांगली! विरुद्ध का, ते नको लिहायला?"

"ते तू लिही, दादा. खाली जागा ठेवली आहे."

"मी फळ्यावर लिहू? चार कोळ्या-आगऱ्यांपुढे?"

"बांधावर त्यांच्यापुढेच बोलला होतास."

ते पाणीसुद्धा न पिता गेले. तू दारात उभी राहून टांगा वळेपर्यंत पाहत होतीस. मला वाटलं, आता रडशील. तू आत येऊन भाकऱ्या थापल्यास.

पुढच्या भाऊबीजेला निरांजन लावून, पाट मांडून बसलीस. दादा आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. मधेच माझ्या बदलीचा हुकूम आला, डोंगराकडच्या तळा गावी. तो कोणी काढला, कशाबद्दल काढला, काही कळलं नाही; गावात मात्र प्रत्येकाला कळलं होतं. मी दादांवर संशय घेतला तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "तो तसलं करणार नाही." ज्याचं मत तू चव्हाट्यावर मांडलंस त्याच्यासाठी तू माझ्याशी भांडलीस. तुझा हा ताळमेळ मला तेव्हा जमला नाही, आता जमतो.

तळ्याला फळा नव्हता. समुद्रही नव्हता. तू डोंगराकडे बघत बसायचीस. पण अहवालांची पुडकी तिथेही येत राहिली, आणि पत्ता अजून दादांच्याच हातचा. चिठ्ठी नाही, खुशाली नाही, नुसतं पुडकं. तू ते हातात घेऊन अक्षरावर बोट फिरवायचीस. मी विचारलं होतं, रागावलेला माणूस हे कशाला पाठवतो? तू म्हणालीस, "त्याला वाचलं जायला हवं आहे." त्यांचं नाव पुन्हा येऊ लागलं होतं. खारजमिनीवर एक प्रश्न, मग आणखी एक, मग बांधांची पाहणी करा म्हणून आग्रह. आपण माणगावच्या बाजाराला गेलो की तिथल्या दुकानदाराला तू हे सगळं सांगायचीस, ऐकायला दुसरं कोणी नसल्यामुळे.

पुढे माझी बदली परत इकडे झाली, आपण गावी आलो आणि तू सगळ्यांत आधी फळा पुसलास. दादांचे ते सगळे प्रश्न एकेक करून लिहिलेस. जसं 'विरुद्ध' लिहिलं होतंस तसंच, तेवढ्याच आकारात. मी म्हणालो, आता तरी जरा मोठं काढ अक्षर. तू हसलीस फक्त.

ते वाचायला दादा आले की आणखी कशासाठी, कोण जाणे. गणपतीचे दिवस होते. ओसरीवर उभे राहून म्हणाले, "यमू, आत येऊ का?" तू आधी रडलीस, मग त्यांच्यावर ओरडलीस की एवढा वाळलास कसा, मग त्यांना जेवायला वाढलंस. जेवताना ते म्हणाले, "शिमग्याच्या सुमारास तोच ठराव पुन्हा येतोय. या खेपेला मी हो म्हणणार. आणि आवाजावर भागू देणार नाही, नावं मोजायला लावीन."

"वडील?"

"त्यांना सांगून आलोय. घर सोडायला सांगितलंय मला."

तू वाढता वाढता थांबलीस. मग त्यांच्या पानात तुपाची धार सोडत म्हणालीस, "बरं. पण मत पडेपर्यंत मी काही लिहिणार नाही हं."

शिमगा जवळ आला तसा तुला ताप भरला. आधी साधाच वाटला. अलिबागचे डॉक्टर येऊन गेले, त्यांनी विषमज्वर सांगितला. तू तापातही वार विचारायचीस. मी ओळखून होतो कशासाठी. शेवटी डॉक्टरांनी मला अंगणात नेऊन सांगितलं, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा.

मतं कुठल्या दिवशी पडणार ते मला माहीत होतं. तुझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की विसरणं शक्यच नव्हतं. तरी अलिबागला माणूस पाठवून मी दादांना तार केली. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तार करीन. यावर तुला माझ्याशी काय भांडायचं होतं ते भांडायला तू थांबायला हवं होतंस.

दादा सकाळच्या लाँचने रेवसला उतरले आणि दुपारी घरी पोचले. कौन्सिलात जायच्या कपड्यांतच होते. तू डोळे उघडलेस.

"दादा? आज बांधाचा ठराव ना?"

"हो."

"मग तू इथे कसा?"

"तुला बघायला आलो, यमू."

"परत जा. लाँच मिळेल."

"आता नाही गं मिळणार."

"तार कोणी केली?"

मी पायथ्याशी उभा होतो. तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. पण तुझा हात दादांच्या हातात होता तो तू सोडवून घेतला नाहीस, उलट मुठीत त्यांची बोटं घट्ट धरलीस. दिवेलागणीला ती मूठ सुटेपर्यंत तुझं तोंड भिंतीकडेच होतं. तू रागावली होतीस, की रडताना आम्हाला दिसू नये म्हणून वळली होतीस? मी रोज याचं एक उत्तर ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी बदलतो.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं. ठराव पडला होता. धक्क्यावर माणसं जमली होती, तुझ्यासाठी आणि त्या बातमीसाठीही. हिराने मला विचारलं, "मास्तर, बांधाचा काय झाला?"

"पडला ठराव."

माझ्या मागून दादा पुढे आले. सुतकातले, खांद्यावर पंचा. "मी तिथे नव्हतो, हिरा."

"व्हय, म्हायती हाय आमाला," हिरा म्हणाली. "तुमी बहिनीपाशी व्हतात. त्यान काय चुकला? भाव मंग कशाला असतो?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकेकाने येऊन दादांच्या पाठीवरून हात फिरवला. ते उभे होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता. मला कळलं की गावातला प्रत्येक जण त्यांना माफ करतोय आणि ते त्यांना सोसत नाहीये. त्यांनी फळ्याखालचा खडू उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. 'बांधाचा ठराव. आपले मेंबर: गैरहजर.' शेजारच्या कोणी म्हटलं, "कारण लिवा, सायेब." दादा म्हणाले, "ते त्यात बसत नाही." खडू ठेवला आणि तिथेच फळ्याला टेकून मोठ्याने रडले. पंचाने तोंड झाकायचंही त्यांना सुचलं नाही.

दिवस झाल्यावर ते मुंबईला परतले, कौन्सिल अजून चालू होतं.

परवा दुपारी ते आले. धक्क्यावरून सरळ आपल्याकडे, हातात बॅग तशीच. ओसरीवर बसले आणि मी काही विचारायच्या आत सांगू लागले. सरकारी बांधकामाच्या खर्चाची मागणी आली तेव्हा त्यात निषेधाची कपात सुचवून त्यांनी बांधांचा विषय काढला. खोतांची नावं घेतली, त्यात आपल्या वडिलांचं घेतलं. सरकारी बाजूचे हसले. अध्यक्षांनी आवाजावर निकाल दिला तेव्हा हे उठले आणि मतं नावानिशी मोजा म्हणाले. 'हो'च्या बाजूला मोजकीच माणसं गेली. कपातीची सूचना पडली. कुठल्या दिवशी उशिरा पोचले, कुठल्या ठरावावर काय करावं हे न कळून गप्प बसले, तेही सांगितलं. काही मागे ठेवलं नाही. तुझ्यापुढे बसून सांगावं तसं सांगितलं.

सांगून झालं आणि ते थांबले. माझ्याकडे पाहत राहिले. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा नजर गेली त्यांची, मग परत माझ्याकडे.

"विचारा ना, मास्तर," म्हणाले.

मी मुलांना रोज प्रश्न विचारतो. मला एकही सुचला नाही. मी आठवून पाहिलं, तू कुठून सुरुवात करायचीस, कुठला शब्द पकडायचीस. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "फार चांगलं केलंत, दादा."

त्यांनी मान खाली घातली. मग बॅग उचलून अलिबागच्या वाटेला लागले. मी अंगणापर्यंत गेलो.

तू त्यांना काय विचारलं असतंस गं?